पडद्याआडची तोंडी परीक्षा

माझा नवरा इनायत गेला आणि आमच्या घरात बायकांची रीघ लागली. त्यातल्या निम्म्या तरी माझं रडणं बघायला आल्या होत्या, आणि मी रडत नव्हते. माझ्या सासूबाई रोशनबी, ज्यांना मी अम्मा म्हणायचे, त्या ऊर बडवून घेत होत्या. मी त्यांच्या शेजारी पांढरी साडी नेसून, बांगड्या उतरवून बसले होते आणि दारातल्या चपलांच्या ढिगाकडे बघत होते. एका बाईने माझी हनुवटी वर करून डोळे तपासले, बाजारात वांगं दाबून बघावं तसे. डोळे कोरडे. "धक्का बसलाय पोरीला," ती म्हणाली, पण ते तिचं तिलाच पटलेलं दिसलं नाही. एरवी अशा बाईला मी दारापर्यंत पोचवून आले असते. त्या दिवशी मला तिचा साधा रागही आला नाही.

काहीच येत नव्हतं. भूक लागायची नाही, पण ताट वाढलं की जेवायचे. झोप यायची नाही, पण पडून राहायचे. कावीळ झाली आणि आठवड्याभरात धडधाकट माणूस संपला, हे मला पाठ झालं होतं, समजलं नव्हतं.

आमचा धंदा हिरड्याचा. लोणावळ्याच्या आजूबाजूच्या डोंगरांतल्या वाड्यांवरची माणसं हिरडा गोळा करतात, वाळवतात आणि डोक्यावरून खाली आणतात. इनायत तो विकत घ्यायचा, निवडायचा, पोत्यांत भरून मुंबईच्या व्यापाऱ्याला पाठवायचा. तिथून तो बोटीने जर्मनीत हॅम्बुर्गला जायचा, चामडं कमवायला. हे हॅम्बुर्ग इनायतच्या डोक्यात कायमचं घुसलं होतं. "आपल्या कुसगावच्या डोंगरावरचं फळ तिकडच्या साहेबाच्या बुटात जातं," तो म्हणायचा, "आणि साहेबाला माझं नावसुद्धा माहीत नाही." मग सहासष्ट साली पुण्यात नवा अभ्यासक्रम निघाल्याचं त्याच्या कानावर आलं. परदेशी व्यापार, आणि जोडीला एक परकी भाषा. त्याने स्वतःचं नाव घातलं नाही. तो शाळेत सातवीलाच कंटाळला होता. मी मात्र वडगाव मावळहून लग्न होऊन आले ती बी.कॉम. पास होऊनच, आणि दिवसभर घरात बसून अम्मांशी भांडायला मला वेळच वेळ होता. "भाषा तू शीक, माल मी आणतो," त्याने एका वाक्यात निकाल लावला. माझा भाऊ मेहबूब त्यावर महिनाभर आमच्याशी बोलला नाही.

मी शटल गाडीने पुण्याला जाऊ लागले. वर्गात मी एकटीच बाई होते, आणि मालाची पोती प्रत्यक्ष पाहिलेलीही एकटीच. संध्याकाळी जेवणं झाली की इनायत हॅम्बुर्गचा साहेब व्हायचा. डोक्याला पंचा गुंडाळायचा (का, ते अल्लालाच ठाऊक) आणि घोगऱ्या आवाजात "या, या", म्हणजे हो, हो, करत राहायचा, कारण त्याला तेवढंच येत होतं. मी त्याला जर्मनमध्ये हिरडा विकायचे. तो कधीच विकत घ्यायचा नाही. अम्मा आतून ओरडायच्या, "काय कोंबडीचा गळा धरल्यागत बोलताय रं?"

मार्चमध्ये लेखी परीक्षा झाली. एप्रिलमध्ये इनायत गेला. मेच्या सुरुवातीला पुण्यात तोंडी परीक्षा होती आणि मी इद्दतीत होते. आमच्यात नवरा गेलेल्या बाईने चार महिने दहा दिवस घराचा उंबरा ओलांडायचा नसतो, परक्या पुरुषासमोर यायचं नसतं. तोंडीचा दिवस आला आणि गेला. मी तांदूळ निवडत होते. वर्ष फुकट गेलं, हे कळत होतं, आणि त्याचंही काही वाटत नव्हतं.

मेहबूबला मात्र सगळ्याचंच काहीतरी वाटत होतं. तो येऊन अम्मांसमोर बसला आणि म्हणाला, "इद्दत संपली की नजमाला वडगावला नेतो. एक स्थळ आहे. हिरड्याचं काय ते विकून टाका."

"तिला इचारलंस?" अम्मा म्हणाल्या.

"तिला काय विचारायचं? परीक्षाही हुकली. आता हिथं बसून काय करणार?"

अम्मांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायला हवं होतं. मला वडगावला जायचं नव्हतं. भावाच्या दारात आयुष्य काढायचं नव्हतं, आणि कोण कुठल्या माणसाचा संसार करायचा नव्हता. हे सगळं मला पक्कं ठाऊक होतं. पण ते तोंडापर्यंत आणायला जो जोर लागतो, तोच उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कुसगावच्या वरच्या वाडीतला कोंडू डोक्यावर हिरड्याचं ओझं घेऊन आला. "इनायतभाऊ न्हाई, ते ठाव हाय मावशी," तो अम्मांना म्हणाला. "पर वाळवल्याला माल घरात ठिवून काय करू? दुसऱ्याकडं जायाला पाय उचलंना." अम्मांनी त्याला पडवीत ओझं उतरवायला सांगितलं. त्याच्या मागून आणखी दोघं आले. पडवीत पोती साठत गेली, आणि त्यांचं पुढं काय करायचं ते कोणीच बोललं नाही.

अशात एका सकाळी आठल्ये सर दारात उभे राहिले. हे आमचे जर्मनचे प्राध्यापक. दर मे महिन्यात ते मेहुण्याच्या बंगल्यावर लोणावळ्याला हवा खायला यायचे. मी आतल्या खोलीत सरकले. बाहेर अम्मांनी त्यांना इद्दत म्हणजे काय ते सांगितलं. मी तोंडीला का आले नाही ते विचारायला सर आले होते, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. इनायत हयात नाही हे ऐकून ते आधी पायरीवर बसले, मग म्हणाले, "निकाल जूनमध्ये लागेल. त्याआधी तोंडी झाली नाही तर पुन्हा सगळं वर्ष करावं लागेल. मी परवानगी आणतो. मी इथेच येऊन परीक्षा घेतली तर चालेल का?"

मला वाटलं, अम्मा नाही म्हणणार. त्यांनी आधी मौलवीसाहेबांकडे माणूस पाठवला. मौलवीसाहेब म्हणाले, पडदा असू द्या आणि घरातलं मोठं माणूस शेजारी बसू द्या. मग अम्मांनी स्वतःची एक अट घातली.

"म्या शेजारी बसनार. पर माज्या सुनंनं परक्या मानसाशी माज्या म्होरं बोलायचं, आनि मला एक अक्षर कळायचं न्हाई, हे चालायचं न्हाई. त्यांनी काय इचारलं, हिनं काय सांगितलं, ते दर येळेला मला मराठीत कळलं पायजे."

"उत्तम," सर म्हणाले. "दुभाष्याचंही काम तपासून होईल."

मला कोणी विचारलं नाही. पण मीही नाही म्हटलं नाही, आणि त्या दिवसांत माझ्याकडून तेवढंच होण्यासारखं होतं.

परीक्षेच्या दिवशी पडवी आणि आतली खोली यांच्यामध्ये अम्मांनी पलंगावरची जाड चादर बांधली. पलीकडे पोत्यांच्या गराड्यात खुर्चीवर सर, अलीकडे चटईवर मी आणि अम्मा. हिरड्याचा तुरट वास घरभर होता. सरांनी घसा साफ केला आणि व्यापाराच्या प्रश्नांनी सुरुवात केली. बोटीवर चढल्यावर माल कोणाचा? बोट बुडाली तर नुकसान कोणी सोसायचं?

मी उत्तर दिलं आणि अम्मांना सांगितलं, "बोट बुडाली तर काय, असं विचारतायत."

अम्मा ताठ झाल्या. "कुटली बोट? आपला माल व्हता व्हय त्यात?"

"बुडाली नाही अम्मा. समजा बुडाली तर."

"असलं अभद्र समजायचं कशापायी?" अम्मा चादरीकडे बघून म्हणाल्या. पलीकडून सरांचं दाबलेलं हसू ऐकू आलं. मला हसू आलं नाही, पण इथे हसायचं असतं, एवढं लक्षात आलं.

मग सर म्हणाले, "आता मी जर्मन खरेदीदार. तुमच्या दुकानात आलोय." आणि त्यांचा आवाज बदलला. शांत, सावकाश, जरासा घोगरा. तो आवाज कानावर पडला आणि माझी मान झटकन चादरीकडे वळली. हॅम्बुर्गचा साहेब व्हायचा हक्क एकाच माणसाला होता. हा दुसरा कोण?

पण मी उत्तरं देत राहिले. माल कुठला? इथल्याच डोंगरातला. वाळवता कसा? उन्हात, जमिनीवर पसरून. अम्मांना मराठीत सांगायचे आणि अम्मा मान डोलवायच्या. एकदा त्या मध्येच म्हणाल्या, "काळा पडल्याला आपन घेत न्हाई, ते सांग त्यास्नी." मी तेही जर्मनमध्ये सांगितलं. पलीकडे सर "या, या" म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "मला तुमच्या मालकांशी बोलायचं आहे. ते कुठे आहेत?"

हे पुस्तकातलंच वाक्य होतं. उत्तरही पुस्तकातलंच होतं. मालक बाहेरगावी गेले आहेत, काय निरोप देऊ? मला ते झोपेतही म्हणता आलं असतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "माइन मान इस्ट टोट."

चार शब्द. पहिल्या महिन्यातल्या पोराला येतील असे. पण ते मी अजून कुठल्याच भाषेत म्हटले नव्हते. आमच्या घरात सगळे म्हणत, इनायत गेला, त्याची वेळ भरली, अल्लाची मर्जी. जो तो शब्दाला वळसा घालून जात होता, आणि मी तर त्या शब्दाच्या आसपासही फिरकले नव्हते.

पलीकडे खुर्ची करकरली.

"काय इचारलं त्यांनी?" अम्मा म्हणाल्या.

"मालक कुठे आहेत, असं विचारलं."

"आनि तू काय म्हनलीस?"

अम्मांना कुठे जर्मन येत होतं? पुस्तकातलं उत्तर सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलवली असती. मी त्यांच्याकडे पाहिलं. इनायतच्या आईला हे सांगायचं कसं? पण अटच तशी होती, आणि खोटं बोलायलाही जोर लागतो.

"इनायत मेला, असं म्हणाले," मी म्हटलं.

ते मराठीत ऐकलं मात्र, आणि मला ते समजलं. इनायत मेला होता. आता तो येणार नव्हता, पंचा गुंडाळणार नव्हता, माझ्याकडून हिरडा विकत न घेता झोपी जाणार नव्हता. इतके दिवस कुठे होतं हे? मला इतकं रडू आलं की मी चटईवर वाकले आणि पदर तोंडात कोंबला.

रोज ऊर बडवणाऱ्या अम्मा मात्र रडल्या नाहीत. त्या नुसत्या बसून राहिल्या, भिंतीला टेकून, डोळे मिटून.

"राहू द्या," सर चादरीपलीकडून हलक्या आवाजात मराठीत म्हणाले. "झाली परीक्षा. मी मार्क देतो."

"झाली कशी?" अम्मांनी डोळे उघडले. "सायबानं मालक इचारला ना? मग त्याचं उत्तर कुटं मिळालं?"

"मावशी, ते नुसतं खोटं खोटं विचारलेलं..."

"खोटं असू द्या, न्हाईतर खरं. दुकानात आल्याला मानूस असा अर्ध्यावर उठून जात न्हाई." मग त्यांनी माझा दंड धरला आणि मला सरळ बसवलं. त्यांची बोटं दुखण्याइतकी रुतली. "सांग त्यास्नी. मालक मेहबूब न्हाई, म्या न्हाई. कोन हाय ते त्यांच्या भाषेत सांग, मग मला सांग."

मला शब्द सापडेनात. नाक वाहत होतं. पण अम्मा दंड सोडायला तयार नव्हत्या. शेवटी मी कसंबसं जर्मनमध्ये म्हटलं, आणि मग मराठीत.

"मालक मी आहे, असं सांगितलं."

"व्हय," अम्मा म्हणाल्या, आणि आता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

पलीकडे सरांनी पुन्हा घसा साफ केला. त्यांना तो दोनदा साफ करावा लागला. मग ते परत खरेदीदार झाले आणि त्यांनी एक वाक्य म्हटलं.

"आता काय?" अम्मांनी पदराआडून विचारलं.

"तुम्हाला भेटून आनंद झाला म्हणतात. आणि मालाचा भाव काय, विचारतात."

"मग सांग की."

मी रडत रडत भाव सांगितला. साहेबांनी थोडा कमी करा म्हटलं, तेव्हा मी नाही म्हणाले.