दमट हवेतलं रबर

शिवलीलानं गठ्ठ्यात सुरी खुपसली, पण ती बोटभरही आत जाईना. उन्हाळ्यात हेच रबर सहज कापलं जायचं.

निपाणी सोडून बेंगळुरूला आल्यापासून तिनं दुसरं काही केलंच नव्हतं. के. आर. पुरमपलीकडच्या टायर-प्रयोगशाळेत ती कृत्रिम रबराच्या लांबलचक रेणूंना टोकाशी एक नवा अणुगट जोडायची. टायरमध्ये मिसळलेल्या सिलिकाच्या भुकटीला त्या टोकानं घट्ट धरलं, की गाडी कमी इंधनात पळते, ओल्या रस्त्यावर घसरत नाही. चाचणीचे टायर उत्तम निघाले, पेढेही वाटून झाले. मग रबरात सिलिका कालवणारा मिक्सर बिघडला. सुटा भाग येईपर्यंत पावसाळा उलटला आणि गठ्ठे गोडाऊनमध्ये पडून राहिले. दमट हवेनं घात केला. सिलिका भेटायच्या आधीच ती टोकं एकमेकांना चिकटून बसली.

"अक्का, एक डाव मिक्सरला घालून तर बघूया की," मशिनवरचा महांतेश म्हणाला.

घातलं. मशिन कण्हलं, आणि खाली नुसता भुगा पडला.

विभागप्रमुख यशोवर्धन तो भुगा चिमटीत धरून उभे राहिले.

"गोडाऊनला एसी लावला तर?"

"इथं लावाल, सर. ट्रकमध्ये? टायरच्या कारखान्यात?"

"टोकं झाकून ठेवता येणार नाहीत?"

"तेही केलं. झाकलेली टोकं मग सिलिकालाही धरत नाहीत."

त्यांनी चिमटीतला भुगा खाली सोडला. "मग थांबवूया, मॅडम. सोमवारपासून तुम्ही तक्रारी आलेल्या टायरांची तपासणी बघा."

ती भांडायच्या तयारीनं आली होती. पण भांडणार कशावरून? त्यांच्या जागी तिनंही हेच केलं असतं. महांतेश भुगा झाडून गोणीत भरू लागला.

संध्याकाळी घरी जाताना बेळ्ळंदूरला बस अडकली असताना तिच्या आईचा, यल्लव्वाचा, फोन आला.

"काय गं, आवाज का असा?"

"काही नाही. ट्रॅफिक आहे."

"यंदा तरी जत्रेला येशील? का तुझ्यावाचून अडतंय तिथं? दरसाली तेच सांगतीस."

"येते की."

"रजा मिळंल व्हय?"

"मिळेल. आता कधीही मिळेल."

"बरं झालं बाई! देवच पावला," यल्लव्वा हरखून म्हणाली, आणि शेजारणीला हाका मारत सुटली. शिवलीलानं फोन कानाला तसाच धरून ठेवला.