अंग खाली येतं

आई माझा पदवीदान समारंभ बघायला फेब्रुवारीत नागपूरहून आयर्लंडमधल्या डंडॉकला आली आणि पुढच्याच महिन्यात कोविडमुळे विमानं बंद झाली. जून उजाडला तरी आम्ही मायलेक एकाच छोट्या फ्लॅटमध्ये होतो. मी दिवसभर लॅपटॉपसमोर, ती माझ्या मीटिंगांमागे पाय न वाजवता वावरायची.

हळूहळू तिने फिरायला येणं सोडलं. पोळ्या लाटता लाटता मधेच जाऊन आडवी व्हायची. बाथरूमला तर दर अर्ध्या तासाने. मी वैतागायचो. "आई, बसून बसून गंजशील!" एवढा मी शहाणा.

एकदा ती म्हणाली, "अंग खाली येतं रे, कुशल." मी तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला, पॅरासिटामॉल दिली आणि वर कोविडची टेस्टही करवली. बिचारीने नाकात काडी घालून घेतली, पण पुन्हा चकार शब्द काढला नाही.

शेवटी मीच डॉक्टरांशी फोनवर बोलायची वेळ ठरवली. डॉक्टर बाई होत्या. आईला इंग्रजी येत नाही, म्हणून मध्ये दुभाषा मी. स्पीकर लावला.

"अंग खाली येतं," आई म्हणाली.

मी सांगितलं, अशक्तपणा आहे.

"ताप? खोकला?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही रे बाप्पा!" आई रडकुंडीला आली. "दोन वर्षांपूर्वी माझी पिशवी नाही का काढली..."

पिशवी म्हणजे गर्भाशय, इतपत मला कळत होतं. ते सांगितल्यावर डॉक्टरांचा आवाज मऊ झाला. "आता नेमकं काय खाली येतं, विचाराल? सावकाश. घाई नाही."

मी विचारलं. आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. खरं सांगतो, मला तो फोन ठेवून द्यावासा वाटला.

"तू ज्या वाटेने आलास ना," ती भिंतीलाच म्हणाली, "ती वाट बाहेर येते. उभी राहिली की. अन् लघवी थांबत नाही."

माझे कान तापले आणि लगेच डोळे भरून आले. मग मी ते इंग्रजीत सांगितलं, स्पष्ट, एकही शब्द न गाळता.

डॉक्टर बराच वेळ बोलल्या. गुरुवारी तपासायला बोलावलं.

"काय म्हणाल्या?"

"ऑपरेशननंतर बऱ्याच बायकांना होतं म्हणे. व्यायाम आहेत, आधाराला आत बसवायची रिंग असते. उपाय आहे, आई."

"बऱ्याच बायकांना?" आई आता माझ्याकडे वळली. "मग कोणीच काऊन नाही बोललं?"

मी तिचा हात हातात घेतला. "तू बोललीस ना."