क्लासपायी चूप बसलेली चक्की

मी डोणगावातल्या माणिकरावांची पिठाची चक्की बोलतेय. जरा मोठ्यानं बोलते, त्याचा राग मानू नका. दगडावर दगड घासून पोट भरणारीनं हळू बोलायचं तरी कसं? पण गेल्या पावसाळ्यापासून माझ्यावर जे गुदरलं, त्याचा धक्का अजून उतरलेला नाही. माणसाला घेरी आली तर तो निदान खाली बसतो. मी जमिनीला बोल्टांनी आवळलेली, मी जाणार कुठं?

माझं अंग खामगावच्या एका शेडमध्ये जोडलं गेलं. माणिकराव तेव्हा नवे नवरदेव. टेम्पोत ते माझा हात धरून बसले होते, जशी काही मीच नवरी. घरी आल्यावर त्यांच्या बायकोनं, बेबीताईंनी, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे मेणबत्ती लावली, दोघांनी वंदना म्हटली आणि ओंजळभर जवारी माझ्या तोंडात टाकली. त्या पिठाच्या भाकरी शेजारपाजारी वाटल्या होत्या.

काही वर्षांनी शेजारी मिरचीचं कांडप यंत्र आलं. दिसायला काळंबेंद्रं, स्वभावानं तिखट. उन्हाळाभर ते ठोकत राहायचं आणि खोलीतलं सगळं जग शिंकत राहायचं. आमचं भांडणही तितकंच आणि सोबतही तितकीच. त्यांची लेक धम्मशीला आमच्या दोघांच्या मधल्या पोत्यावर झोपून लहानाची मोठी झाली. माझी घरघर थांबली की ती दचकून उठायची.

आमच्या धंद्याची खरी वेळ संध्याकाळची. बाया निंदणावरून परतल्या की हातपाय धुवायच्या आधी डबा आणून माझ्यापुढे ठेवत. डबा ठेवला की नंबर लागला. मग बाई घरी जाऊन चूल पेटवून आली तरी तिचा नंबर कोणी मोडत नसे. मी डब्यावरून माणूस ओळखते. कडी तुटलेला डबा मागच्या गल्लीतल्या कलाबाईचा. तिचं तोंड माझ्यापेक्षा मोठं, आणि माझा आवाज कापून बोलणारी गावात ती एकटीच. चौदा एप्रिलच्या गावजेवणाचं दळण मात्र आम्ही फुकट दळतो. त्या दिवशी माझ्या अंगात येतं म्हणा ना.

मग धम्मशीला शिकली. मेहकरला एका शाळेच्या ऑफिसात नोकरीला लागली, रोज बसनं जाऊ-येऊ लागली. आणि गेल्या वर्षी तिनं घरबसल्या एमबीएला नाव घातलं, तेही बंगळुरूकडच्या एका ख्रिस्ती विद्यापीठात. माणिकरावांना 'एमबीए' नीट म्हणता येत नव्हतं, पण पेढे त्यांनी अख्ख्या गल्लीला वाटले. जुलैत क्लास सुरू झाला. क्लास मोबाइलवर, आणि आमच्या घरात रेंज येते ती फक्त या खोलीत, शटरजवळ. क्लासची वेळ संध्याकाळची.

पहिल्याच दिवशी मला पहिला धक्का बसला. माझ्यापुढे डब्यांची रांग, तोंडात कलाबाईचे गहू, धम्मशीलेची बस अजून यायचीच, आणि माणिकरावांनी खट्‌कन बटण बंद केलं!

"काऊन बंद केली जी?" कलाबाई ओरडली.

"चूप! पोरीचा क्लास हाये. सकाळी आणजो."

"सकाळी मी वावरात जाऊ का चक्कीवर बसू?"

"हळू बोल ना बाई. बंगळूरले ऐकू जाईन."

कलाबाई अर्धवट दळलेले गहू उचलून गेली. इतक्या वर्षांत माझ्या तोंडचा घास असा कोणी काढला नव्हता. त्यानंतर हे रोजचंच झालं. धम्मशीलेची बस यायच्या आधीच माणिकराव मला थांबवायचे, शटर अर्धं ओढायचे, पोत्यावर धुतलेली चादर अंथरायचे. ती यायची, बसायची, कानात वायर घालायची. चक्की कोणासाठी थांबली हे बापानं कधी सांगितलं नाही. त्यात सांगायचं काय, असं त्यांना वाटलं असेल. आणि तिनंही विचारलं नाही. चक्की बंद दिसते म्हणजे गिऱ्हाईक नाही, इतका साधा हिशोब तिनं मनात करून टाकला.

त्यांच्या क्लासची एक रीत मला आवडायची. सुरुवातीला मॅथ्यू सर प्रार्थना म्हणत. बेबीताई त्या वेळी पदर सावरून उभ्या राहत. त्यांची वंदना असो की आपली, बसून ऐकू नये, असं त्यांचं म्हणणं. एकदा त्यांनी विचारलं, "काय मागून राह्यले वो ते?"

"रोजची भाकर रोज मिळू दे म्हणतात, आई," धम्मशीला म्हणाली.

"चांगलं हाये," बेबीताई म्हणाल्या आणि हात जोडले. मी गप्प. भाकरीचं पीठ दळणारीला गप्प बसवून भाकर मागत होते आणि हे कोणाच्या ध्यानात येत नव्हतं!

विषयाचं नाव होतं मॅनेजरिअल इकॉनॉमिक्स. इंग्रजी मला कुठलं कळायला? पण धम्मशीला रोज आईला मराठीत समजावून सांगायची, त्यामुळे माझ्याही कानावर पडायचं. धंद्यात निर्णय कसा घ्यायचा, त्याचं ते शास्त्र. भाव वाढला की कोण सोडून जातं, एक गोष्ट निवडली की दुसरी कोणती हातची जाते, असं सगळं. ऐकायला बरं वाटायचं. पोरगी हुशार आहे हो, त्यात वाद नाही.

मग सरांनी काम दिलं. आपल्या ओळखीचा एक खरा धंदा निवडा, तो चालू ठेवावा की बंद करावा हे ठरवा आणि क्लासपुढे मांडा. धम्मशीलेनं मला निवडलं. मी फुलून गेले. वाटलं, चला, आता बंगळुरूत आपलं नाव होणार.

ती रोज बापाला विचारू लागली, आज किती डबे आले? सकाळी पूर्वीइतकेच येत होते. संध्याकाळचे आटले होते. बाया कंटाळून स्टँडकडच्या चक्कीवर जाऊ लागल्या होत्या. माणिकराव खरं ते सांगायचे, "संध्याकाळी काईच नाई आज." ती मान हलवायची आणि मोबाइलवर टिपून घ्यायची.

क्लासमध्ये मांडायच्या आधी एका रविवारी तिनं घरच्या घरी सराव केला. श्रोते तिघं: माणिकराव, बेबीताई आणि मी. कांडप यंत्रालाही धरलं तर चौघं. ती उभी राहिली, माझ्या अंगावर हात ठेवला आणि म्हणाली, "धंद्याचा एक बिंदू असतो. चालवायचा रोजचा खर्चही कमाईतून निघत नसला, तर चालवण्यापेक्षा बंद केलेला बरा. मशीन घ्यायला जे घातलं ते गेलं. निर्णय घेताना त्याचं तोंड पाहायचं नाही. या हिशोबानं आपली चक्की बंद करायला पाहिजे."

हात माझ्या अंगावर ठेवून बोलली हो! माझ्या शेजारी झोपून मोठी झालेली पोर! तिचे दुपट्यातले दिवस, नवरदेव होऊन टेम्पोत बसलेला तिचा बाप, ती पहिली ओंजळ, सगळं 'गेलं' या एका शब्दात गेलं. कोणी बटण दाबलं असतं तरी फिरले नसते.

बेबीताईंनी पदर तोंडाला लावला. माणिकरावांनी तसबिरींकडे पाहिलं. मग म्हणाले, "एवढ्या मोठ्या विद्यापीठाचं ज्ञान हाये. बरोबरच असन."

"बाबा, हा अभ्यास आहे नुसता," धम्मशीला हसून म्हणाली.

पण शिकलेल्या माणसाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे ज्या घरात मानतात, तिथं 'नुसता अभ्यास' असं काही नसतं. पोरीला शिकवायचं आणि तिचं ऐकायचं नाही, हे माणिकरावांना लबाडीचं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी ती मेहकरला गेल्यावर त्यांनी खामगावच्या शेषरावांना फोन लावला. जुन्या मशिनी घेण्याचा शेषरावांचा धंदा. माझा आणि कांडप यंत्राचा, दोघांचाही सौदा ठरला. गाडी कधी यायची तेही ठरलं. गाडीच्या आदल्या दिवशी मला फिरवणारा पट्टा काढून खुंटीला टांगताना माणिकरावांचा चेहरा कसा, तर परीक्षेत पास झाल्यासारखा.

त्याच संध्याकाळी धम्मशीलेला क्लासपुढे मांडायचं होतं. प्रार्थना झाली. धम्मशीला फाडफाड इंग्रजीत बोलली. मी ऐकत होते, म्हणजे ऐकण्यावाचून दुसरं काही हातात नव्हतं. बोलणं संपल्यावर सरांनी काहीतरी विचारलं. तिनं उत्तर दिलं, त्यांनी पुन्हा विचारलं, आणि ती थांबली. मग मागं वळून माणिकरावांना म्हणाली, "बाबा, सर विचारतात, सकाळचं गिऱ्हाईक तेवढंच आहे, मग संध्याकाळचंच कसं आटलं? आणि नेमकं जुलैपासून? स्टँडकडची चक्की तर किती जुनी आहे. जुलैत असं काय झालं होतं?"

बेबीताईच म्हणाल्या, "तुहा क्लास चालू झाला ना, बाई."

"माह्या क्लासचा काय संबंध?"

"आवाज होते म्हणून तुहे बाबा चक्की बंद करते ना. बाया परत जाते. तुले माहीत नव्हतं?"

धम्मशीला आईकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मग खुंटीवरच्या पट्ट्याकडे.

"पट्टा काऊन काढला, बाबा?"

"तूच तं सांगतलं बंद कराले. उद्या शेषराव गाडी घेऊन येऊन राह्यले."

ती पोत्यावर बसली. शहाणपणाचं सारं शास्त्र शिकली आणि त्या शास्त्राची फी कोण भरतंय हेच तिला दिसलं नव्हतं. फोनमधून सरांचा आवाज येत होता. तिनं डोळे पुसले आणि उत्तर दिलं. ते नंतर आईला सांगितलं म्हणून मला कळलं. "सर, माझं उत्तर चुकलं. गिऱ्हाईक आटलं नव्हतं. माझ्या अभ्यासासाठी माझ्या वडिलांनी ते परत पाठवलं, आणि तोच आकडा घेऊन मी त्यांचा धंदा बंद करायला सांगितला." सर म्हणाले, पुन्हा मांडा, आणि या वेळी स्वतःलाही हिशोबात धरा.

सकाळी शेषराव आले. धम्मशीला कामावर गेली नव्हती. तिनं हात जोडले, चूक माझी आहे म्हणाली. शेषराव चांगला माणूस, पण खामगावहून गाडी आणलेली. "शब्द तं तुमचा होता, माणिकराव," एवढंच म्हणाले.

माणिकरावांनी मान खाली घातली. शब्द मोडणं त्यांच्या रक्तात नाही. "चक्की राहू द्या," ते म्हणाले, "पण गाडी रिकामी नाई जाऊ देत मी."

आणि त्यांनी कांडप यंत्राचे बोल्ट सोडले. माझ्या डोळ्यांदेखत! इतक्या वर्षांची माझी तिखट सोबतीण चार माणसांनी उचलून नेली. जाताना तिच्या फटीतून लाल भुकटी सांडली, आणि खोलीतले सगळे शिंकले. शिंकता शिंकता धम्मशीला रडू लागली. "बाबा, हे कुठल्या खात्यात धरू मी?" बापानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

त्याच दिवशी कलाबाई आली. सगळं ऐकून कपाळावर हात मारला. "रेंज पाह्यजे होती का? माह्या ओट्यावर फुल येते ना बे! मले इचारलं असतं तं!" आता घ्या! सगळा पावसाळा मी तोंड शिवून बसले आणि तोड होती मागच्या गल्लीत. पण विचारणार कोण? पहिल्याच दिवशी तिला 'चूप' म्हणून परत पाठवलं होतं.

आता धम्मशीला कलाबाईच्या ओट्यावर क्लास करते आणि संध्याकाळी मी फिरते. सगळे डबे परतले असं नाही. मोडलेली वाट पुन्हा पडायला वेळ लागतो. काही बाया स्टँडकडेच रमल्या, आणि माझा त्यांच्यावर राग नाही. शेजारी सिमेंटचा चौथरा रिकामा आहे, चार भोकं तशीच. दमट दिवशी अजून मिरचीचा वास येतो. कामावरून आली की धम्मशीला आधी तिथं क्षणभर थांबते, मग ओट्याकडे जाते.

पोरींनो, पोरांनो, शिका. माझे दगड झिजले तरी चालतील, पण शिका. फक्त शिकायला बसताना एकदा मागं वळून पाहा, आपल्यासाठी कोण गप्प बसलंय ते. गप्प बसलेला आपणहून सांगत नाही. मला तर सांगताच येत नव्हतं.

काल संध्याकाळी ओट्यावर प्रार्थना सुरू झाली. माझी घरघर तिथवर जातच असणार, कारण कलाबाई इथून ओरडली, "शीला, चक्कीचा आवाज जाऊन राह्यला वो तिकडं! बंद कराले सांगू का?"

"नको," धम्मशीला तिथून ओरडली, "जाऊ द्या."

तिकडं रोजची भाकर मागत होते. कलाबाईचे गहू माझ्या तोंडात होते. मोबाइलचा माइक असाच चालू ठेव, पोरी. मी बोलतेय.