बंद बाह्या

लेकीने खाजवू नये म्हणून शिंप्याने तिच्या झग्यांच्या बाह्यांची तोंडंच शिवून टाकली होती. इंजेक्शनांनी इसब गेला, तशी त्याने ती उसवली. मग त्याच्या डोक्यात किडा वळवळला, की पोरीला औषधाची सवय लागेल. बायको नको म्हणत असताना त्याने इंजेक्शनं थांबवली. इसब परतला, इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली, पण गुण येईना.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला. "असा खंड पडला की कधीकधी शरीर औषधालाच शत्रू समजून त्याच्याशी लढायला लागतं. सवय परवडली असती हो."

घरी तो मशीनवर बसला. लेक झगा घेऊन आली.

"बाबा, या वेळी घट्ट शिवा. मागच्या वेळी मी दातांनी उसवायचे."