दहा तासांचं तेल

मी विमान चालवायला शिकवते. इतकी वर्षं झाली, पण "आज उडायचं नाही" हे मला फक्त ढगांनी सांगितलंय. माणसांपैकी कोणाची ती हिंमत झालेली नाही. नाकावर माशी बसू द्यायची नाही, हा आपला स्वभाव. आणि माझ्या पोटी निघाली ही बेबी.

बेबी माझी थोरली. तिशी उलटली तरी घरात बेबीच. तिला पायलट करायचं म्हणून मी जंग जंग पछाडलं. पण विमानात बसवली की ही बाहेर बघायचीच नाही, डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत बसायची. शेवटी रसायनशास्त्र शिकली आणि विमानतळाच्याच रस्त्यावर एका प्रयोगशाळेत लागली. काम काय, तर छोट्या विमानांच्या इंजिनातलं वापरलेलं तेल तपासायचं. इंजिन आतून झिजत असतं, त्या झिजेचे कण तेलात उतरतात. डोळ्यांना दिसत नाहीत, यंत्राला दिसतात. लोखंड किती, तांबं किती, ॲल्युमिनियम किती, आणि मागच्या वेळेपेक्षा काय वाढलं. माणसाचं रक्त तपासतात तसंच. नातेवाईक विचारायचे तेव्हा मी सांगायचे, "विमानांतच आहे ती." पुढचं कोणी खोदून विचारलं तर म्हणायचे, चहा घ्या.

आमच्या शाळेत विमान एकच, चार सीटांचं. त्याचं सगळं करतात आमचे मिस्त्री. त्या इंजिनावर त्यांचा असा जीव की दुसऱ्या कोणी पाना लावलेला त्यांना खपत नाही. पन्नास तास उडून झाले की तेल बदलायचं आणि जुन्या तेलातली एक छोटी बाटली प्रयोगशाळेत धाडायची. इंजिन गरम असताना, धार सुरू झाल्यावर मधलं तेल धरायचं. पहिलं नाही आणि तळाचंही नाही. मिस्त्री ते अगदी निगुतीनं करायचे आणि रिपोर्ट आला की न उघडता म्हणायचे, "ठणठणीत असणार."

या वेळी मात्र ठणठणीत नव्हता. लोखंड दुपटीनं वाढलेलं. खाली लिहिलं होतं: याच नव्या तेलावर दहा तास उडवून पुन्हा नमुना पाठवावा, तोवर विमानतळाच्या आसपासच उडावं, शिकाऊ वैमानिकाला एकटं पाठवू नये. आणि त्याच्याखाली सही कुणाची, तर माझ्या बेबीची.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच रविवारी आमच्या डॉक्टरीणबाई पहिल्यांदा एकट्या उडायच्या होत्या. दातांच्या डॉक्टर आहेत त्या. पन्नाशीला टेकल्यावर शिकायला आल्या, आणि उतरताना हात असा हलका की मी दोघांतिघांना त्यांचं उदाहरण देते. त्या दिवसासाठी त्यांनी दवाखाना बंद ठेवायचं ठरवलं होतं.

रात्री जेवताना मी विषय काढला. "काय गं, लोण्यासारखं चालतंय इंजिन. मी रोज ऐकते."

"आई, रिपोर्टबद्दल ऑफिसच्या वेळेत फोन कर," बेबी म्हणाली. "भाजी वाढू?"

"मी तुझी आई आहे की तू माझी?"

"ऑफिसच्या वेळेत मी मॅडम आहे. आत्ता भाजी हवी का सांग."

खाण तशी माती, दुसरं काय. मी भाजी घेतली. डॉक्टरीणबाईंचा रविवार पुढे ढकलला आणि दहा तास मी स्वतः उडवले, विमानतळाच्या डोक्यावर गिरक्या घालत, तोंडानं बेबीच्या नावानं खडे फोडत. इंजिन एकदा खोकलंसुद्धा नाही. दहा तास भरल्यावर मिस्त्रींनी बाटली भरली, मी ती प्रयोगशाळेत पोचवली आणि डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं, "शनिवारी या. आता कोणी अडवत नाही."

शनिवारी आभाळ निरभ्र होतं. डॉक्टरीणबाई नवरा आणि सासूबाईंना घेऊन आल्या होत्या, म्हाताऱ्या बाईंना विमान ठेवायच्या हँगरच्या दारात खुर्ची टाकून दिली होती. तेवढ्यात बेबीचा फोन आला.

"नमुना नाकारलाय मी," ती म्हणाली. "लोखंड अगदी कमी आहे."

"मग पेढे वाट. नाकारतेस कशाला?"

"कारण शिसंही कमी आहे. आई, विमानाच्या पेट्रोलमध्ये शिसं असतं. इंजिन जितकं चालेल तितकं ते तेलात उतरत जातं. दहा तास चाललेल्या तेलात जेवढं हवं त्याच्या पासंगालाही हे पुरत नाही. हे तेल फार तर अर्धा तास चाललंय."

"मी दहा तास उडवलंय. तुझी आई खोटं बोलते का?"

"तू खोटं बोलत नाहीस," बेबी म्हणाली. "पण हे ते तेल नाही."

मी फोन ठेवला आणि वळून पाहिलं. मिस्त्री फडक्यानं हात पुसत होते. हात स्वच्छ होते तरी पुसत होते.

"मिस्त्री, तेल कधी बदललंत?"

त्यांनी फडक्याची घडी घातली. मग म्हणाले, "शेवटच्या फेरीच्या आधी. बाई, पहिली बाटलीच माझ्याकडून खराब भरली गेली असणार, तळाचा गाळ आला असणार. इंजिनात काही नाही. एवढी वर्षं मी त्याला जपलंय. उगाच त्याच्या नावावर डाग कशाला, म्हणून स्वच्छ तेल घातलं आणि त्यातलं दिलं."

मला भयंकर राग आला. पण बोलणार तरी कोणाला? आपलेच दात, आपलेच ओठ. चूक दडवायची म्हणून नाही, मायेपोटी केलं होतं त्यांनी.

डॉक्टरीणबाई हेल्मेटसारखे ते मोठे हेडफोन हातात धरून ऐकत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "माझ्याकडे येणारा प्रत्येक पेशंट निघताना दात घासून येतो, मिस्त्री. त्यानं कीड थोडीच जाते?"

मिस्त्रींनी मान खाली घातली. खरं सांगते, तेव्हाही माझं मन म्हणत होतं की एक फेरी काय होतेय. दहा तास मीच तर उडवलं होतं. आभाळ असं, बाई तयार, सासूबाई खुर्चीत. पण वर गेल्यावर त्या विमानात डॉक्टरीणबाई एकट्या असणार होत्या, मी शेजारी नसणार होते.

"सिलिंडर उतरवा," मी म्हटलं. "आत बघू."

"बाई, माझ्यावर विश्वास नाही राहिला?"

"आहे म्हणून तर तुम्हालाच उतरवायला सांगतेय. दुसऱ्या कोणाला हात लावू देईन का मी?"

त्यांनी पाने घेतले. कोणी घरी गेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी टॉर्च धरला, सासूबाईंनी बॅगेतली बिस्किटं काढून सगळ्यांना वाटली. एक सिलिंडर उतरला की आतला झडपा हलवणारा दांडा दिसतो, कॅमशाफ्ट म्हणतात त्याला. मिस्त्रींनी आत बोट घातलं आणि त्यावरून नख फिरवलं. नख अडकलं. त्यांनी पुन्हा फिरवलं, पुन्हा अडकलं. मग ते बाजूला झाले आणि टॉर्च माझ्या हातात दिला.

दांड्यावरचा उंचवटा आरशासारखा गुळगुळीत असायला हवा. तो अर्धा खाल्ला गेला होता. त्याच्याखाली दाबलं जाणारं टॅपेट देवीचे व्रण असावेत तसं खड्ड्याखड्ड्यांचं झालं होतं, आणि त्याचा एक टवका कधीही सुटेल असा लोंबत होता. तो सुटला असता तर इंजिनाचं काय झालं असतं हे मिस्त्रींना कळत होतं, मला कळत होतं, आणि डॉक्टरीणबाईंना आमच्या तोंडांवरून कळलं.

मिस्त्री तिथेच जमिनीवर बसले. "मी माणूस मारला असता, बाई," ते म्हणाले. मी त्यांच्या शेजारी बसले. पाठीवर हात ठेवला.

मग हँगरच्या मागे जाऊन मी बेबीला फोन लावला आणि दिसलं ते सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ती म्हणेल, सांगितलं होतं ना. तशी संधी मी कोणाची सोडली नसती. पण पलीकडे माझी मॅडम हुंदके देत होती.

"अगं वेडे, डॉक्टरीणबाई खालीच आहेत. काही झालेलं नाही."

"तू वर होतीस," ती म्हणाली. "दहा तास तू त्याच्यावर उडत होतीस. तू रात्री घरी येऊन चप्पल काढेपर्यंत मला घास जात नव्हता."

"मग थांबवायचं होतंस मला. लिहायचं होतंस, उडूच नका."

"तेवढ्या लोखंडावर मी कोणालाच उडू नका असं लिहिलं नसतं. आई आहेस म्हणून तुला वेगळं लिहिलं असतं, तर पुढे माझ्या कुठल्या रिपोर्टवर कोणी विश्वास ठेवायचा? तूसुद्धा ठेवला नसतास."

जिवाचं पाणी होत असताना हिने जेवढं खरं तेवढंच लिहिलं, एक अक्षर कमी नाही आणि एक जास्त नाही. मी हजारदा उडाले असेन, पण एवढी छाती माझी नाही.

हँगरमध्ये परत आले तर सासूबाई विचारत होत्या, कोणाचा फोन होता.

"आमच्या मॅडमचा," मी म्हटलं. "विमानांच्या इंजिनातलं तेल तपासते. माझी मुलगी आहे."

आणि त्यांनी न विचारताच मी त्यांना सगळं सांगत बसले.