मला मंद म्हणण्याआधी

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. एका रक्तपेढीच्या खिडकीमागे, संगणकात, अठरा वर्षं राहतोय. "मंद, मंद" ऐकून माझे कान किटले आहेत, म्हणून आज बोलतो.

मला इथल्याच एका तंत्रज्ञबाईंनी लिहिलं. सगळे त्यांना माई म्हणत. त्यांनी माझ्यासाठी स्क्रिप्टिंग भाषा निवडली. या भाषेतली ओळ न् ओळ संगणकाला चालता चालता समजावून सांगावी लागते. त्यामुळे मी काही धावपटू नाही, हे कबूल. पण मला दुरुस्त करणं सोपं होतं, आणि रक्तगट टाकला की योग्य पिशवी कोणत्या फ्रिजच्या कोणत्या कप्प्यात आहे, ते मी दोन सेकंदांत सांगायचो. त्यावर कधी कोणाची तक्रार नव्हती.

माई निवृत्त झाल्या आणि मी रक्तपेढीचे प्रमुख असलेल्या डॉक्टरसाहेबांच्या जावयाच्या हाती पडलो. साहेबांचा जावई, त्याला कोण बोलणार! त्याने मला एक हिरवी पट्टी लावली, शोध किती टक्के झाला ते दाखवणारी. माझ्याकडे चाळीस हजार नोंदी. एक नोंद तपासायची, थांबायचं, पट्टी पुसून पुन्हा रंगवायची, मग पुढची नोंद. असं चाळीस हजार वेळा! दोन सेकंदांचं काम तीन मिनिटांवर गेलं. लोक मात्र म्हणायचे, "पट्टी किती छान सरकते!" मग वेग वाढावा म्हणून नवा संगणक आणला. तोही माझ्याबरोबर रंगकामाला जुंपला गेला.

एके दुपारी ऑपरेशनच्या खोलीतली नर्स धावत आली.

"अहो ताई, तिकडे पेशंट टेबलावर आहे! पिशवी द्या ना!"

"काय करू, एकोणचाळीस टक्केच झालेत!" खिडकीवरची ताई रडकुंडीला आली. शेवटी तिने फ्रिज उघडून हातानेच पिशवी शोधली. पेशंट वाचला, पण साहेब भडकले.

जावई म्हणाला, "भाषाच मंद आहे हो. सोमवारी हा काढून टाकू, मी नवा लिहितो."

ताईने गुपचूप माईंना फोन केला. माई आल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "आधी मोजू, मग भांडू." माझ्या प्रत्येक कामाला किती वेळ लागतो, ते त्यांनी मोजलं.

"शोधायला दोन सेकंद. पट्टी रंगवायला एकशे अठ्ठ्याहत्तर."

"पण माई, पट्टी नसली तर लोकांना धीर कसा येणार?"

"जावईबापू, पिशवी हातात पडली की येतो धीर."

साहेबांनी कीबोर्ड माईंपुढे सरकवला. माईंनी पट्टी काढली आणि माझं मरण टळलं. पण काल जावई ताईला विचारत होता, "पट्टीच्या जागी एखादं गोल फिरणारं फूल चालेल का?" आता काय बोलावं!

मित्रांनो, कोणी हळू चालत असेल तर त्याची जात काढू नका. त्याच्या डोक्यावर तुम्ही काय काय लादलं आहे, ते आधी उतरवून बघा.