छातीवरचा डाग

"आई, झाला का शर्ट? कोर्टात उशीर चालत नाही."

"घाई करू नकोस, हात पोळेल माझा," म्हणत तिनं बाहीवर इस्त्री फिरवली, लगेच उचलली, पुन्हा फिरवली. कित्येक महिन्यांपूर्वी ओढ्यावर धुऊन तसाच ठेवलेला शर्ट अजून तरी पांढराशुभ्र होता, पण भरवसा काय त्याचा? ओढ्याच्या पाण्याचे डाग मेले इस्त्री बसल्यावरच वर येतात.

हे कळायला तिला वर्ष लागलं. गिऱ्हाइकं ओरडायची, "मावशी, इस्त्री घाण आहे तुमची!" आणि ही खुळी राख लावून लावून इस्त्रीच घासत बसायची. चोर सोडून संन्याशाला फाशी!

मग एकदा तिनं दोन रुमाल धुतले. एक ओढ्याकाठच्या कारखान्याच्या वरच्या अंगाला, एक खालच्या. इस्त्री केल्यावर वरचा कोरा राहिला आणि खालच्यावर तपकिरी ठिपके उमटले. मेलेले मासे तर सगळ्यांनीच पाहिले होते. पण घरटी एक माणूस कारखान्यात, बोलणार कोण? तपासणीचे साहेब आले तेव्हा अख्खी वस्ती मिठाची गुळणी धरून बसली. हिला राहवेना. उठली आणि दोन्ही रुमाल साहेबांपुढे ठेवून आली.

साहेब कारखान्यात गेले. मालकांनी हात जोडले. "आम्हाला कल्पनाच नव्हती हो! घाण पाण्याची झडप एक कामगार परस्पर उघडायचा."

तो कामगार म्हणजे तिचा मुलगा. घरी सांगायचा, पॅकिंगला आहे म्हणून. खटला त्याच्या एकट्यावरच भरला गेला.

तेव्हापासून तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती. शेजारीण म्हणाली, "आपल्याच हातानं पायावर धोंडा मारून घेतलास बाई." गिऱ्हाइकं न धुतलेले कपडे तसेच उचलून घेऊन गेली. मालक मात्र परवाच शाळेच्या कार्यक्रमात पहिल्या खुर्चीवर बसले होते, आणि टाळ्या वाजवणारी हीच मंडळी.

"चूक माझी एकट्याची म्हणालो की दंडावर भागेल, असं मालकांचा वकील म्हणतो," मुलगा भिंतीकडे बघत म्हणाला. "नोकरीही ठेवतील."

"आणि झडप उघड म्हणून सांगायचं कोण?"

तो पिशवीतले कोर्टाचे कागद चाळू लागला.

"तुला विचारतेय मी!"

"मालकच. रोज सांगायचे, आई. मी नाही म्हणालो असतो तर दुसरा तयारच होता."

तिला त्याचा रागही आला आणि कणवही. हात क्षणभर थांबला, आणि तेवढ्यात खिशाजवळ रुपयाएवढा तपकिरी डाग वर आला. अगं बाई! तिनं घाईघाईनं शर्ट ओढला. "थांब, दुसरा काढते."

"राहू दे. दे इकडे."

"अरे, डाग दिसतोय चांगला. जज्जसाहेब बघतील की!"

"बघू देत." त्यानं गरम शर्ट तसाच अंगात घातला. "विचारलं तर सांगेन कशाचा आहे. आणि कुणाचा आहे तेही सांगेन."

"नोकरी जाईल रे."

"इस्त्री आहे ना आपली?"

"गिऱ्हाइकं कुठायत?"

दोघांनाही हसू फुटलं, आणि तिचे डोळे भरून आले. तिनं त्याची कॉलर सारखी केली.

तो गल्लीतून निघाला तेव्हा दारादारांत माणसं उभी होती. त्याच्या हातात कागदांची पिशवी होती. ती छातीशी धरली असती तर डाग झाकला गेला असता. त्यानं ती खालीच धरली होती.